पाणी येईपर्यंतच्या ओव्या

बोटीच्या पोटातून आईची ओवी ऐकू आली आणि सुषमा शेडच्या दारातच थबकली. हातात नवऱ्याच्या, संदीपच्या चष्म्याची डबी होती. सकाळी तो ती घरीच विसरला होता. गुलाबांच्या पॉलीहाऊसला कामावर जाता जाता वराळे गावातल्या त्याच्या कामाच्या शेडवर टाकून पुढं जाऊ, एवढंच तिच्या मनात होतं. बाहेर बारकं ऊन पडलेलं, कुणीतरी पत्र्यावर वाळत घातलेली पोती, आणि आत लाकडी ठोकळ्यांवर चढवलेली ती जुनी गस्तीची बोट. तिच्या पोटातून एक बाई गात होती. शब्द न् शब्द आईचा. आवाज मात्र आईचा नव्हता आणि सुषमाचाही नव्हता. जाड, खर्जातला, लाकडात घुमून परत येणारा आवाज.

कड्याच्या गं पोटामंदी पानी कुनाचं बोलतं
माझ्या कंताच्या नावानं माझं काळीज डोलतं

वाट बगाया बसले, हात जात्याच्या खुंट्याला
आलं पानी उंबऱ्याला, आला कंत बी सुट्टीला

आणि मग संदीप हसला. पोट हलवून, मान मागं टाकून. हे हसणं सुषमाच्या ओळखीचं होतं, पण किती तरी दिवसांत भेटलेलं नव्हतं. गावाला गेलेल्या माणसानं परत यावं आणि शेजारणीच्याच घरी आधी चहा प्यावा, तसं ते हसणं तिला दारातून दिसलं. "आता सांग," तो म्हणत होता, "ओव्या सरल्या. माझा हात वर न्हाई. मंग काय करायचं?" "बंद करायचं," ती जाड आवाजाची मुलगी म्हणाली. "इचार करायचा का?" "नाही दादा. आधी बंद, मग विचार." "शाब्बास!" सुषमानं डबी दाराजवळच्या पिंपावर ठेवली आणि आल्या पावली फिरली. घोरावाडी स्टेशनच्या रस्त्याला लागेपर्यंत तिला कळलं नाही की आपण चपलेचा पट्टा न अडकवताच चाललो आहोत.

पॉलीहाऊसच्या कोल्ड रूममध्ये गुलाबांच्या जुड्या बांधताना बोटं बधिर होतात आणि डोकं मोकळं राहतं. तिथं तिला सगळं ओळीनं दिसत राहिलं. ओवी तिच्या आईची, विठाबाईची. माहेरी, कुरवंड्याच्या घरात पहाटे जातं फिरायचं तेव्हा आई बाकीच्या बायांसारख्या चालत आलेल्या ओव्या म्हणायचीच, पण मधेच एखादी आपली जोडायची. घरात जे घडेल ते जात्यात पडायचं. म्हैस आटली तर म्हैस, थोरला भाऊ रुसला तर भाऊ. सुषमाचं लग्न नौदलातल्या मुलाशी ठरलं तेव्हा आईला समुद्र माहीत नव्हता. तिला माहीत होता तो नागफणीचा कडा आणि कड्याच्या पोटातून पावसाळा सरल्यावरही कुठंतरी आत झिरपत राहणारं पाणी. जावई तसाच, आत कुठंतरी, लांब, बोटीच्या पोटात, इंजिनाशी. म्हणून तिनं ती ओवी रचली. लग्नानंतर संदीप पहिल्यांदा सुट्टीला आला, तेव्हा पोरसवदा सुषमानं लाजत लाजत त्याला ती म्हणून दाखवली होती. दिवा नव्हता. पोह्यांच्या डब्याला टेकून दोघं बसले होते. संदीपनं ती दोनदा म्हणायला लावली. मग म्हणाला, "ही मी घिऊन जातो." एखाद्यानं डबा न्यावा, रुमाल न्यावा तसं. आणि ती म्हणाली होती, "न्या की, तुमचीच हाय."

नेली त्यानं. बोटीवर इंजिन सुरू करताना एक धाकधूक असते, हे त्यानं तिला कधीतरी सांगितलं होतं. इंजिन चालू झालं की धुराच्या नळीत पाणी यायला थोडा वेळ लागतो. तेवढ्यात आलं तर ठीक. नाही आलं तर नळी जळते. घड्याळ बघायला हात मोकळा नसतो, म्हणून तो मनात ओव्या म्हणायचा. सरायच्या आत पाणी यायचंच. तिला तेव्हा केवढं वाटलं होतं! कुरवंड्यातलं जातं समुद्रावर फिरतंय. आपला नवरा आगीशेजारी उभा आहे आणि आगीला आपली आई मोजून वेळ देते आहे. ही गोष्ट तिनं कुणाला सांगितली नव्हती. बहिणीलाही नाही. काही गोष्टी सांगितल्या की पातळ होतात. आणि आता तो ती पुण्याच्या एका वेल्डरणीला शिकवत होता, पान्याचे नंबर शिकवावेत तशी.

कोमल तिचं नाव. आर्गन वेल्डिंगमध्ये हात बसलेली. शेडच्या मालकानं खास या बोटीसाठी बोलावली होती. बोट लढाईच्या काळातली, लहान जातीची, मुंबईच्या भंगारातून घाट चढून आलेली. प्रज्ञेश नावाच्या एका हौशी माणसानं ती घेतली होती आणि त्याला ती जशी होती तशी हवी होती, आवाजासकट. "म्हंजे बिनआवाजासकट," संदीप जेवताना म्हणाला होता, आणि त्या दिवशी तो इतका बोलला की सुषमाचा घास हातात राहिला. या बोटी किनाऱ्याकिनाऱ्यानं गस्त घालायच्या. शत्रू आधी डोळ्यानं धरत नाही, कानानं धरतो. इंजिनातून निघालेला धूर म्हणजे चुलीतला इंगळ, आरडतओरडत, ठिणग्या उधळत येणारा. त्याच्या नळीवर दुसरी नळी चढवायची, दोन्हींच्या मधून पाणी खेळवायचं, आणि पुढं तेच पाणी धुरात सोडायचं. मग तो ओला धूर सायलेन्सरच्या डब्यात घोळवून मागच्या अंगानं बाहेर. "आवाज दाबायचा नसतो सुशे, भिजवायचा असतो. भिजला की त्याला लांब उडता येत न्हाई." तिनं भाकरी तव्यावर तशीच ठेवून ऐकलं. तिला वाटलं, इतक्या वर्षांनी हा माझ्याशी बोलतोय. मग तो म्हणाला, "आज कोमलला समजावून सांगितलं ह्ये सारं. लय झटक्यात समजतं तिला." भाकरी करपली होती. ती तिनं स्वतःच्या ताटात घेतली.

घरी तो बोलत नसे याचं कारण तिला माहीत होतं, आणि माहीत असल्यानं काही हलकं होत नव्हतं. इंजिनरूमनं त्याचे कान खाल्ले होते. डावा जवळजवळ गेलेला, उजव्यात खालचे सूर उरलेले. बारीक आवाज त्याच्यापर्यंत पोचतच नसत. कुकरची शिट्टी, दाराची बेल, चिमण्या आणि सुषमा. तिचा आवाज तारेसारखा होता. कुरवंड्यात सगळे म्हणत, पोरीचा गळा म्हणजे पाव्याचा सूर. त्या गळ्यानंच तिला फसवलं. सुरुवातीला ती दोनदा सांगायची, मग तीनदा. मग तो "आं?" म्हणायचा ते तिला सोसेना. मग हातवारे. मग नुसतंच ताट पुढं सरकवणं. कानातलं यंत्र आणलं तर तो म्हणाला, भांडी घासल्यासारखं वाजतंय डोक्यात, आणि ते कपाटात गेलं. भांडण कधी झालंच नाही. भांडायलाही ऐकू यावं लागतं. आणि ही कोमल काहीही न करता, नुसती जाड आवाजाची जन्मली म्हणून, त्याच्या उरलेल्या कानात सरळ चालत गेली होती. चपला न काढता. या पोरीनं काही चोरलं असतं तर बरं झालं असतं, सुषमाला वाटे. चोराला ओरडता येतं.

त्याच आठवड्यात कोमल घरी आली. दाराची बेल वाजली, संदीपला अर्थातच ऐकू आली नाही. तो मागच्या गॅलरीत सायलेन्सरच्या झडपेचा जुना पितळी दांडा घासत बसला होता. दारात ही उभी. हातावर भाजल्याचे बारीक ठिपके, केसांवरून बांधलेला रुमाल, आणि हातात तळेगावची अंजिरं. "वहिनी ना? मी कोमल. दादा तुमच्याबद्दल इतकं बोलतात की मला वाटलं तुम्ही उंच असाल." सुषमा हसली नाही. मग तिला वाईट वाटलं, मग तिनं हसून घेतलं. मुलगी सरळ स्वैपाकघरात आली, ओट्याला टेकली, अंजीर फोडून स्वतःच खायला लागली. कुणालाही आवडावी अशी होती. सुषमालाही आवडली, आणि तेच जास्त खुपलं.

"वहिनी, एक काम होतं. चाचणी जवळ आली. इंजिनपाशी मी असणार, मागं नळीपाशी दादा. आवाज एवढा असतो की हाक ऐकू येत नाही. म्हणून दादांचा नियम. मोजायचं मी, बघायचं त्यांनी. पाणी दिसलं की ते हात वर करणार. ओव्या संपेपर्यंत हात वर आला नाही, की मी बंद करणार."

"मंग? येतात की तुला ओव्या. मी ऐकल्यात."

"दोन येतात. पण दादाच म्हणाले, माझ्या डोक्यात आता निम्मं राहिलंय, निम्मं कुठं गेलं कुणास ठाऊक. म्हणाले, वहिनीकडून पक्क्या करून घे. ती सांगंल तेच खरं."

ती सांगंल तेच खरं. गॅलरीतून पितळ घासल्याचा आवाज येत होता. सुषमानं हात पदराला पुसले. खरं तर तिला एवढंच म्हणायचं होतं की दोनच आहेत, बरोबर आहेत, जा. पण तोंड उघडलं आणि कधी न ठरवलेलं वाक्य बाहेर आलं. "त्येंनी अर्ध्याच सांगितल्या. त्या चार हायत." कोमलचे डोळे मोठे झाले. "तरीच! मला वाटतच होतं, एवढ्या लवकर पाणी कसं येणार, लांब नळी आहे." "उद्या ये," सुषमा म्हणाली, "मला आठवाव्या लागतील."

आठवायच्या नव्हत्या, करायच्या होत्या. दुसऱ्या दिवशी कोल्ड रूममध्ये लाल जुड्यांवर कागद गुंडाळताना तिनं त्या केल्या. जन्मात तिनं एक ओळ जोडली नव्हती. आई म्हणायची, "सुषी गाती ग्वाड, पन हिच्या पोटात ओवी न्हाई." सुखाच्या दिवसांत नव्हती हे खरं. आता मात्र बर्फासारख्या त्या खोलीत, बोटं काटे शोधत असताना, शब्द आपले आपण येऊन बसायला लागले. एकेक घोटायला तिला मजा वाटत होती. ही मजा कसली आहे हे ती बघत नव्हती. तिला फक्त एवढंच दिसत होतं, की इंजिन थोडं जास्त वेळ कोरडं चालेल, रबराची एक नळी जळेल, धूर होईल आणि संदीप त्या मुलीवर खेकसेल. मग गप्प होईल. तिच्याशीसुद्धा गप्प. ते गप्प बसणं दोघींत वाटलं जाईल, एवढंच तिला हवं होतं. त्यापेक्षा जास्त काही नको होतं, असं तिनं स्वतःला गुलाबांच्या साक्षीनं सांगितलं.

संध्याकाळी कोमल आली आणि ओट्यापाशी उभी राहून शिकली. एकदा ऐकून दुसऱ्यांदा म्हणत होती, असला तिचा कान. "पहिल्या दोनपेक्षा या भारी आहेत वहिनी. कुणाच्या?" "आईच्याच." "वाईट वाटतं ऐकून." "वाटू दे. आन एक धेनात ठेव. आरंभली की सगळी म्हनायची. जात्यावर बाई ओवी अर्धी टाकून उठत न्हाई. घरातल्या मान्साला लागतं." यातलं शेवटचं मात्र खरोखर आईचं होतं. विठाबाई दळण अर्धं राहिलं तरी ओवी पुरी करूनच खुंटा सोडायची, मग दारात कुणी का उभं राहीना. खऱ्या गोष्टीला खोट्याच्या कामाला लावताना सुषमाला जिभेवर तुरटी ठेवल्यासारखं झालं. कोमलनं गंभीरपणे मान हलवली. जाताना गॅलरीत डोकावून तिनं साध्या बोलण्यातल्या आवाजात "येते दादा" म्हटलं, आणि संदीपनं मान न वळवता, पहिल्याच फटक्यात ऐकून, "ये गं बाळा" म्हटलं. सुषमानं अंजिरांच्या साली गोळा केल्या.

चाचणीच्या दिवशी संदीपच म्हणाला, तू बी चल. शेडबाहेर बोट ठोकळ्यांवर उभी होती. करडा रंग नवा, अजून वास मारणारा. खाली लोखंडी हौद टँकरनं भरून ठेवलेला, आणि इंजिनाचा पंप त्यातून पाणी ओढेल म्हणून एक जाड पाइप त्यात सोडलेला. प्रज्ञेशनं नारळ फोडला. पांढऱ्या बुटांवर पाणी उडालं तसा तो मागं सरकला. कोमल इंजिनाच्या खड्ड्यात उतरली, तिचं डोकं आणि रुमाल तेवढा वर. संदीप शिडीनं बोटीच्या मागच्या अंगाला चढला. तिथलं झाकण काढलेलं होतं. झाकणाखाली दुहेरी नळी संपून सायलेन्सर सुरू व्हायचा आणि दोघांना जोडणारी काळी रबरी नळी उघडी दिसायची. बाहेरचं तोंड बघण्यासाठी संदीप त्या नळीवर ओणवा झाला, छाती नळीच्या वर, चेहरा त्याच्याही खाली.

सुषमानं हे गृहीत धरलं नव्हतं. तिच्या डोळ्यांसमोर जळणारी नळी एकटी होती, तिच्यावर कुणी वाकलेलं नव्हतं. ती शिडीपाशी गेली. "आवो," ती म्हणाली. त्याला ऐकू गेलं नाही. "आवो, जरा उलीसं मागं..." तो कोमलला विचारत होता, "पाठ हाय ना?" "एकदम." "सुशीनं सांगितल्यात ना? मंग झालं." आता सांगावं. आत्ता. चार नाहीत, दोन आहेत, इतके कमी शब्द. तेवढ्यात कोमल खड्ड्यातून काहीतरी म्हणाली, रुमालाबद्दल की नारळाबद्दल, आणि संदीप ओणव्यानंच हसला. तेच पोटातलं हसणं. सुषमाच्या घशात आलेले शब्द परत खाली गेले. कुणी ढकलले नाहीत, आपले आपणच. ती शिडी धरून उभी राहिली.

इंजिन सुरू झालं. कोरड्या धुराचा आवाज तिनं कधी जवळून ऐकला नव्हता. तो कानात शिरला नाही, दातांत शिरला. शेडचे पत्रे थरथरले, प्रज्ञेशनं कानांवर हात ठेवले. खड्ड्यात कोमलचे ओठ हलत होते. सुषमाचेही हलायला लागले. कड्याच्या गं पोटामंदी. सावकाश, आई म्हणायची तसं, प्रत्येक फेऱ्याला एक झोका. माझं काळीज डोलतं. हौदातला पाइप आतून गुळगुळ करत होता, बुडबुडे वर येत होते. पाणी जात नव्हतं, कुठून तरी हवा ओढली जात होती. वाट बगाया बसले. ये ना रे पाण्या. ये. मी काय मागते तुझ्याकडं? आलं पानी उंबऱ्याला, आला कंत बी सुट्टीला. सरल्या ओव्या. मागच्या तोंडातून नुसता निळसर धूर येत होता, संदीपचा हात खाली होता, आणि कोमलचे ओठ हलतच होते.

ते शब्द सुषमाला आवाजातून नव्हे, ओठांवरून दिसले.

परक्या गं पावलाची धूळ माझ्या अंगनात
माझं बोलनं सांडलं बहिऱ्या गं त्या कानात

वास यायला लागला. "नवा रंग जळतोय," प्रज्ञेश ओरडला, शेडमधल्या कुणीतरी मान हलवली, पहिल्यांदा येतोच. पण सुषमाला चुलीपाशी बसून वास कळत होते. हा रंग नव्हता. काळ्या नळीवर घाम आल्यासारखे फोड उठत होते आणि तिच्यावर संदीप वाकला होता, अजून पाण्याची वाट बघत, विश्वासानं, कारण मोजणारी मोजते आहे आणि मोजायला सुशीनं शिकवलं आहे. "बंद कर!" सुषमा ओरडली. तारेसारखा तो आवाज इंजिनाच्या गर्जनेवरून वर गेला आणि कुठंच उतरला नाही. "कोमल! बंद!" कोमलनं डोळे मिटले होते. ती चौथीत होती. तिला कुणीतरी सांगितलं होतं की ओवी अर्धी टाकली की घरातल्या माणसाला लागतं.

शिडी कशी चढली हे तिला आठवत नाही. एका हातानं तिनं संदीपची कॉलर धरून त्याला मागं ओढलं, तोल जाताना दुसरा हात त्या नळीच्या लोखंडी गळपट्टीवर टेकला, आणि तळहात चर्र झाला. त्या चटक्यानंच की काय, तिच्या गळ्यातून जे निघालं ते तिचं नव्हतंच. बेंबीपासून आलेलं, दगडावर दगड घासल्यासारखं, जाड. विठाबाई जातं ओढताना शेवटच्या फेऱ्याला जो हुंकार द्यायची तो. "बंद!"

बंद झालं. इतकं एकदम, की हौदातला एक बुडबुडा फुटलेला सगळ्यांना ऐकू आला. काळी नळी एका बाजूनं मऊ होऊन खाली बसली आणि तिच्या पोटातून धुराची एक बारीक फुंकर संदीपचा चेहरा होता तिथून वर गेली. संदीप बोटीच्या कठड्यावर बसला होता, कॉलर अजून तिच्या मुठीत. तो नळीकडं बघत होता. मग हौदाकडं. मग खड्ड्यातून वर आलेल्या कोमलकडं.

"वहिनी," कोमल घाबरून म्हणाली, "अर्धी राहिली. चौथी अर्धीच झाली. लागणार तर नाही ना कुणाला?"

"चौथी?" संदीप म्हणाला. "चौथी कोन्ती?"

कोमलनं सुषमाकडं पाहिलं, आणि तिच्या चेहऱ्यावर हळूहळू काहीतरी उमटायला लागलं. तिला सगळं कळायच्या आत सुषमा म्हणाली, "माझ्या हायत. मागच्या दोन. मी केल्या." "आं?" तो म्हणाला. उजवा कान पुढं केला. तिनं त्या कानापाशी तोंड नेलं. किती वर्षांनी इतक्या जवळ. कानावरच्या पांढऱ्या केसांना ग्रीसचा वास होता. तिनं तिसरी ओवी म्हटली, कुजबुजत नाही, पुऱ्या गळ्यानं. त्यानं डोळे बारीक केले, पुन्हा म्हण म्हणून बोट फिरवलं. तिनं पुन्हा म्हटली. तो मान हलवत होता. "न्हाई लागत," तो म्हणाला, कष्टी होऊन. "वारं आल्यागत लागतंय निस्तं. कोमल, तू म्हन गं."

"दादा, राहू द्या आता."

"म्हन."

आणि कोमलनं म्हटली. त्या जाड, घुमणाऱ्या आवाजात, मान खाली घालून. परक्या गं पावलाची धूळ माझ्या अंगनात. शेडमध्ये सगळे उगाच हत्यारं गोळा करायला लागले. माझं बोलनं सांडलं. सुषमाला वाटलं, कुणी आपली घडी मोडून लुगडं रस्त्यावर पसरतंय. बहिऱ्या गं त्या कानात. आणि त्या लाजेतही, त्या धगीतही तिच्या मनानं नोंद केली की या आवाजात ती ओवी जास्त चांगली लागते. आपण केलेली, आणि तिच्याच गळ्यात बसणारी. चौथी म्हणायला कुणी सांगितलं नव्हतं, पण आरंभलेली टाकायची नाही म्हणून असेल, कोमलनं तीही म्हटली.

इस्तू पदरी बांदीला, धूर कुनाला दिसंना
वर पान्याची गं धार, आत जळनं इजंना

संदीपला सगळं ऐकू गेलं. तो उठला, हौदापाशी गेला, पाइपाचा सांधा चाचपला, एक पट्टी आवळली. "हितनं वारा खात हुता," तो कुणालाही उद्देशून नाही असं म्हणाला. नवी रबरी नळी मागवली. ती चढवताना कोमलनं पाना धरला, त्यानं आवळलं, दोघं एक शब्दही बोलले नाहीत. सुषमाला हवं होतं तेच. तिला ते बघवेना. ती घरी जायला वळली तेव्हा त्यानं हाक मारली. "कुटं चाललीस? हितं बस." खड्ड्याच्या काठावर, इंजिन बंद करायच्या कळीपाशी. कोमलला त्यानं मागं पाठवलं, हात वर करायला. "मी मोजू?" सुषमानं विचारलं. त्याला ऐकू आलं नाही, पण ओठ त्याला वाचता आले. "तूच मोज. दोनच. जास्ती जोडू नगंस."

पुन्हा तो कोरडा आरडाओरडा. सुषमानं पहिली म्हटली, दुसरी धरली. हात जात्याच्या खुंट्याला. तिचं बोट कळीवर टेकलेलं होतं. पुढच्या शब्दाला कोमलचा हात वर गेला. मागच्या तोंडातून आधी एक खाकरा आला, मग पाण्याची एक उडी, मग धूर आणि पाणी एकमेकांत मिसळून गुरगुरत वाहायला लागले. आवाज भिजला. पत्रे थांबले. प्रज्ञेशनं कानांवरचे हात काढले. इंजिन चालू होतं, पण आता ते दूर, नागफणीच्या पलीकडं कुठंतरी चालल्यासारखं.

संदीप तिला मागं घेऊन गेला. तोंडातून पडणाऱ्या धारेखाली त्यानं आधी स्वतःचा हात धरला, हा त्याच्या कामाचा रिवाज. हात धरवत असेल तर सगळं ठीक. मग त्यानं तिचा भाजलेला तळवा धरून धारेखाली नेला. पाणी कोमट होतं, धुराच्या वासाचं. चटका आधी वाढला, मग निवायला लागला. तो तिच्याकडं बघत नव्हता, हाताकडं बघत होता. पण मनगट सोडत नव्हता. "दुखतंय?" त्यानं विचारलं. तिनं "व्हय" म्हटलं, नेहमीच्याच बारीक आवाजात, आणि त्यानं मान हलवली. ऐकू आलं होतं की ओठ वाचले होते, तिला कळलं नाही. तिकडं खड्ड्यापाशी कोमल पाने पुसून ठेवत होती आणि पुसता पुसता, नकळत, तिसरी ओवी गुणगुणत होती. संदीपची मान किंचित तिकडं कलली. सुषमानं ते पाहिलं, आणि धारेखालचा हात काढून घेतला नाही.